घरातच रेसिपी चॅनल आहे, घर आणि शूट वेगळं कसं ठेवता?

हळदीचा_हात (सांगली)

नमस्कार, मोठं लिहिणारे, आधीच सॉरी.

माझं मराठी रेसिपींचं यूट्यूब चॅनल आहे. लॉकडाऊनमध्ये सुरू केलं, आता 41 हजार सबस्क्रायबर झालेत. पैसे फार नाहीत पण येतात, महिन्याच्या 21 तारखेनंतर, तेपण खात्यात 100 डॉलर जमले असतील तर, नाहीतर पुढच्या महिन्यावर. ते जाऊ दे, प्रश्न पैशाचा नाहीये.

परवा मुलीला (तिसरीत आहे) ताट वाढलं तर ती हात न लावता तशीच बसली आणि म्हणाली, आई हे जेवायचंय की शूटचंय? आधी मला हसू आलं. मग लक्षात आलं की ती रोजच विचारते, मीच आत्ता पहिल्यांदा ऐकलं.

आमच्या स्वयंपाकघरात खिडकीचा उजेड 10 ते 1 चांगला असतो, म्हणजे शूट तेव्हाच. पंखा बंद, टीव्ही बंद, सासूबाईंनी शेजारच्यांशी दारात बोलायचं नाही, फ्रीजचा घुंईं आवाज माइकमध्ये येतो म्हणून तोपण बंद, आणि दोनदा मी तो परत चालूच करायला विसरले, एकदा दोन लिटर दूध गेलं. प्रत्येक स्टेपला थांबून अँगल बदलायचा, त्यामुळे आमचं जेवण दीड-दोनला आणि गार. रात्री सगळे झोपले की व्हॉइसओव्हर. मग झोपताना कमेंट वाचायच्या, त्यात कुणीतरी लिहिलेलं असतं की मीठ किती ते सांगितलंच नाही, आणि झोप गेलीच.

सणांचं तर विचारूच नका. गेल्या वर्षी गणपती 27 ऑगस्टला बसले. लोक मोदक पंधरा दिवस आधीपासून शोधायला लागतात म्हणून मी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच शूट केलं. उकड बिघडली, मग पारी फाटली, मग कळ्या नीट दिसेनात, तीन दिवसांत साठेक मोदक झाले असतील. सासूबाई म्हणाल्या, बाप्पा यायच्या आधी सगळ्या बिल्डिंगने मोदक खाल्ले. आणि खुद्द चतुर्थीला नारळ खवायचं नाव काढलं की मला रडू यायला लागलं, नैवेद्याला 21 मोदक विकत आणले. 41 हजार लोकांना शिकवून घरात विकतचे! हे पहिल्यांदाच कुठेतरी सांगतेय.

नवरा म्हणतो, बंद कर एवढा त्रास होतो तर. मला बंद नाही करायचं हो. नोकरी असती तर डबा घेऊन बाहेर पडले असते आणि सहाला घरी आले असते, इथे ऑफिसातच चूल आहे. तुम्ही काय करता?

द्राक्षबाग_निफाड

ताई माझं चॅनल शेतीचं आहे पण वाचून वाटलं आपलंच लिहिलंय कुणीतरी. मी द्राक्षाच्या फवारण्यांवर व्हिडिओ टाकतो. सुरवातीला हौसेनं डिस्क्रिप्शनमध्ये स्वतःचा नंबर टाकला, तर पहाटे साडेपाचला फोन सुरू, दादा पानं पाठवलीत बघा, दादा आत्ता काय मारू. बरं वाटायचं खोटं कशाला बोलू. मग एका वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला, सगळ्यांचे फोन, मी रोज डाऊनीवर (द्राक्षाचा बुरशीचा रोग) व्हिडिओ टाकतोय, व्ह्यूज जोरात, आणि माझ्याच बागेत वरच्या अंगाला चार ओळींत डाऊनी शिरला, मला तीन दिवस पत्ताच नाही. वडिलांनी दाखवला. काही बोलले नाहीत, पान तोडून हातात दिलं फक्त.

त्यानंतर नंबर काढला. आता आधी बाग फिरायची, मग कॅमेरा. प्रश्नांची उत्तरं फक्त रविवारी. लोक चिडले, थोडे गेलेपण, जाऊ द्या.

कट_टू_कट (पुणे)

मी एडिटर आहे, चार-पाच मराठी चॅनलची कामं करतो, त्यामुळे थोडं टेक्निकल सांगतो.

एक म्हणजे गॅप पडला की चॅनल मरतं ही भीती डोक्यातून काढा. सहा महिने किंवा जास्त काही म्हणजे काहीच टाकलं नाही, साधी पोस्टसुद्धा नाही, तर मोनेटायझेशन (म्हणजे चॅनलमधून मिळणारे पैसे) बंद होऊ शकतं असा नियम आहे, पण दोन आठवड्यांनी कुणी मरत नाही. व्ह्यूज थोडे खाली येतील, येतात परत.

मोदकाचा व्हिडिओ दरवर्षी नवा कशाला? गेल्या वर्षीचा आहे ना, टायटल-थंबनेल बदला, पोस्ट टाकून वर आणा. उकडीचे मोदक वर्षात बदलत नाहीत.

आणि महिन्यात दोनच दिवस शूटचे ठरवा, दिवसाला तीन रेसिपी, बाकी शेड्यूल करून ठेवा. फ्रीजसाठी जुनी युक्ती, बंद करताना स्कूटीची चावी फ्रीजमध्ये ठेवायची. बाहेर पडताना आठवतंच :)

एडिटिंग बाहेर देता येत असेल तर द्या. माझ्या धंद्यासाठी सांगत नाहीये (थोडं सांगतोय).

रत्नागिरीची_काकू

मी चॅनलवाली नाही, बघणारी आहे. मला एक कळत नाही, तुम्ही शूटसाठी शिजवता कशाला, जे शिजवताय त्याचंच शूट करा की. आज घरात मुगाची आमटी तर आमटी दाखवा. आम्हाला काय रोज चीजबिज नको असतं. आणि सासूबाईंना दारात बोलायचं नाही म्हणजे काय, त्यांचं घर आहे ते. बोलू दे, आवाज आला तर आला.

हळदीचा_हात

काकू, शेवटचं वाक्य लागलं, पण खरं आहे. आमटीचं मात्र तितकं सोपं नाही. मी टाकली होती ना मुगाची आमटी, आठवड्यात 900 व्ह्यूज. त्याच आठवड्यात कुकरमधला केक, 60 हजार. बघणारे म्हणतात साधं दाखवा आणि दाबतात केक.

कट_टू_कट, तीन रेसिपी एका दिवसात म्हणजे तेवढी भांडी पण एका दिवसात, ती कोण घासणार ते पण सांगा! चावीची युक्ती मात्र आजपासून.

निफाडचे दादा, पान हातात दिलं ते वाचून गप्प बसले बराच वेळ.

उगाच_एक_कमेंट

लोक उन्हात राबतात आणि तुम्हाला घरात मोदक करून टेन्शन. नवरा बरोबर बोलतोय.

द्राक्षबाग_निफाड

उन्हात राबणारा मीच आहे भाऊ, वर लिहिलंय, वाचा. व्हिडिओ कापायला रात्री बसलं की पाठ तेवढीच दुखते.

कट_टू_कट

भांड्यांचा पॉइंट मान्य, माझ्या डोक्यातच आला नाही. घासायला त्या दोन दिवसांपुरतं कुणी मिळतंय का बघा, आणि तो खर्च चॅनलच्या हिशेबात धरा, घरच्या नाही. नाहीतर चॅनल फायद्यात दिसतं आणि घर तोट्यात जातं.

हळदीचा_हात

हे मी कधी धरलंच नव्हतं. वहीत आता दूध, भांडी, वाया गेलेला नारळ सगळं लिहायला घेतलंय, दोन पानं झाली, नवऱ्याला अजून दाखवलेली नाहीत.

सध्यापुरतं एवढं ठरवलंय की शूट मंगळवार-बुधवार, मुलगी शाळेत असताना. तिच्या ताटात शूटमधलं काही वाढायचं नाही, उरलं तर ते माझ्या डब्यात. सासूबाईंना विचारलं, मागून आवाज आला तर चालेल का, तर म्हणाल्या मग मीच सांगते की मीठ किती घालायचं.

मोदकाचा जुनाच व्हिडिओ वर आणणार. यंदा गणपती सप्टेंबरात आहेत, पण पिठी आत्ताच दळून आणलीय, कॅमेऱ्यासाठी नाही. बघू.