'सॉरी, बेबी': घराबाहेर थांबलेला कॅमेरा प्रामाणिक की सोयीस्कर?

अनवट

ईव्हा व्हिक्टर यांनी लिहिलेला, दिग्दर्शित केलेला आणि ज्यात प्रमुख भूमिकाही त्यांचीच आहे असा 'सॉरी, बेबी' हा २०२५ चा अमेरिकी चित्रपट पाहिल्यापासून त्यातल्या एका दृश्याविषयी चर्चा व्हावी असे वाटत होते. (खाली कथानक बरेचसे उघड होणार आहे. ज्यांना चित्रपट आधी पाहायचा आहे, त्यांनी धागा नंतर वाचावा.)

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधल्या एका लहान गावातल्या महाविद्यालयात ॲग्नेस साहित्याचा प्रबंध लिहीत असते. तिचा मार्गदर्शक डेकर तिच्या लेखनाचे तोंडभरून कौतुक करतो, ठरलेली भेट ऐनवेळी स्वतःच्या घरी ठेवतो आणि तिथे तिच्यावर लैंगिक अत्याचार करतो. ती आत जाते, दार लागते आणि कॅमेरा मात्र बाहेरच राहतो. घर तेच, चौकट तीच. फक्त उजेड बदलतो. दिवस असतो, मग तिन्हीसांज होते, मग अंधार पडतो. ती बाहेर येते, गाडीतून घरी पोहोचते आणि न्हाणीघरात, टबात बसून, मैत्रीण लिडीला काय झाले ते सांगते. हे सांगणे लांबलचक आहे, त्यात रडारड नाही, आणि आपण जे ऐकतो त्याखेरीज पुराव्यादाखल दुसरे काहीही चित्रपट आपल्यापुढे ठेवत नाही.

माझ्या मते चित्रपटाची सगळी नैतिक ताकद या निर्णयात आहे. अत्याचाराचे दृश्य दाखवले की प्रेक्षक, त्याची इच्छा असो वा नसो, पंच होतो: तिने नाही म्हटले का, पुरेशा जोराने म्हटले का, ढकलले का, पळाली का नाही. ते न दाखवल्यामुळे ही पंचगिरी करायला जागाच उरत नाही आणि आपल्याला लिडीच्या जागी बसून ऐकावे लागते. त्यानंतरची वर्षे चित्रपट सरळ क्रमाने मांडत नाही. पहिल्याच प्रकरणात लिडी गरोदर असल्याची बातमी घेऊन भेटायला येते. घटनेचे वर्ष त्यानंतर येते. म्हणजे आपण ॲग्नेसला प्रथम ओळखतो ती विनोदी, थोडी विक्षिप्त, मैत्रिणीवर जीव टाकणारी बाई म्हणून. काय घडले ते नंतर कळते. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला पटकथेचा पुरस्कार मिळाला, तो मला या रचनेसाठी रास्त वाटतो.

तिरकस

मांडणी नेटकी आहे, पण निष्कर्षाशी सहमत नाही. कॅमेरा बाहेर थांबल्याने ॲग्नेसची प्रतिष्ठा जपली गेली असे तुम्ही म्हणता. माझ्या मते जपले गेले ते प्रेक्षकाचे मन. दोन तासांच्या आत त्याला एक सुंदर, शांत, हळूच हसवणारा चित्रपट पाहायला मिळतो आणि आपण किती संवेदनशील आहोत या समाधानात तो उठून जातो. आत जे घडले त्यातले बीभत्स असे काहीच त्याच्या वाट्याला येत नाही.

आणि डेकर? तो तर जवळजवळ वाफ होऊन उडून जातो. महाविद्यालयाकडे तक्रार जाते तेव्हा त्याने आधीच राजीनामा दिलेला असतो, त्यामुळे 'आम्ही आता काही करू शकत नाही' असे सांगून प्रशासन हात झटकते. पुढे ॲग्नेस त्याच विभागात शिकवू लागते आणि त्याच्याच खोलीत बसते. यावर संताप उसळायला हवा होता. चित्रपट तो उसळू देत नाही, कारण संताप या शैलीत बसत नाही. संयमाचे हे कौतुक मला संशयास्पद वाटते ते यासाठी की, ज्यांच्याशी अन्याय झाला त्यांनी आवाज न चढवता बोलावे ही अपेक्षा समाज नाहीतरी करतच असतो.

याउलट १९८८ चा जोनाथन काप्लान यांचा 'द अक्यूज्ड' घ्या. त्यात सामूहिक बलात्काराचे दृश्य शेवटाकडे सविस्तर येते, आणि ते तिथे असण्याला कारण आहे. त्या खटल्यात आरोपी आहेत ते टाळ्या पिटणारे, चिथावणी देणारे बघे. त्यांचा गुन्हा त्यांच्या ओरडण्यात आहे. ते ओरडणे दाखवलेच नसते तर कशाचा खटला चालला हे कुणालाही कळले नसते.

पैलतीर

'द अक्यूज्ड'चे उदाहरण तिरकस यांच्याच विरोधात जाते असे मला वाटते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

त्या चित्रपटात सारा, म्हणजे जोडी फॉस्टर, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहून स्वतःवर काय गुदरले ते सगळे सांगते. फॉस्टर यांना ऑस्कर मिळाले ते उगाच नव्हे. पण ती सांगत असताना कॅमेरा तिच्यावरच असतो. भूतकाळ पडद्यावर उलगडत नाही. तो उलगडतो घटनेच्या वेळी तिथे हजर असलेला केन हा तरुण साक्ष द्यायला उभा राहतो तेव्हा. घटना आपल्याला 'दिसते' ती एका पुरुषाच्या आठवणीतून, आणि ज्यूरीप्रमाणेच आपलीही खात्री तेव्हाच पटते. साराचे शब्द साक्ष म्हणून कमी पडले, केनचे पुरले. दिग्दर्शकाचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही, तरीही रचनेने जे सांगितले ते सांगितलेच.

'सॉरी, बेबी'मध्ये दुसरा साक्षीदार नाही. टबात बसलेल्या बाईचे बोलणे हाच पहिला आणि शेवटचा दस्तऐवज आहे. तिचे ऐकून विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न लिडीच्या मनात क्षणभरही येत नाही आणि चित्रपट तो आपल्यालाही विचारू देत नाही. याला प्रेक्षकाचे लाड म्हणणे मला जमत नाही. दृश्य पाहून विश्वास ठेवणे केव्हाही सोपे असते.

कृष्णमेघ

फक्त एका मुद्द्यापुरते. कॅमेरा स्थिर ठेवला म्हणजे तो आपोआप सभ्य झाला असे कुणी समजू नये. गास्पार नोए यांच्या २००२ च्या 'इर्रिव्हर्सिबल'मधले भुयारी मार्गातले बलात्काराचे नऊएक मिनिटांचे दृश्य आठवा: तिथेही कॅमेरा एका जागी ठाण मांडून असतो आणि दृश्य न कापता चालू राहते. त्या चित्रपटाचा काळही उलटा चालतो. हत्यारे बरीचशी सारखीच आहेत, परिणाम मात्र अगदी विरुद्ध. प्रश्न तंत्राचा नाही, दाराच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे याचा आहे.

शब्दवेधी

न दाखवण्याची आणखी एक बाजू इथे आलेली नाही. असगर फरहादी यांच्या २०१६ च्या 'द सेल्समन'मध्येही हल्ला पडद्यावर नाही. तेहरानमधले इमाद आणि राना हे जोडपे. इंटरकॉम वाजतो, नवराच आला असे समजून राना दार उघडे ठेवून न्हाणीघरात जाते आणि कुणी भलताच आत शिरतो. नेमके काय घडले हे चित्रपट शेवटपर्यंत स्पष्ट करत नाही. इराणमधल्या नियंत्रणाखाली ते दाखवता आलेही नसते, हा भाग वेगळा. फरहादींनी त्या बंधनाचीच कथा केली.

पण त्या रिकाम्या जागेचे पुढे काय होते ते पाहा. राना पोलिसांकडे जायला तयार नाही, तिला बोलायचे नाही. मग मौनाची ती जागा इमाद व्यापतो. शोध त्याचा, अपमान त्याचा, सूडही त्याचाच. शेवटी गुन्हेगार सापडतो तेव्हा राना त्याला सोडून द्या म्हणते, आणि तेव्हाही निर्णय तिच्या हातात राहत नाही. फरहादी हे जाणीवपूर्वक दाखवतात आणि त्यांना पुरुषी अभिमानाचीच चिरफाड करायची आहे, हे मला मान्य आहे. तरी चित्रपट संपल्यावर आपल्याला इमादचे मन जितके ठाऊक झालेले असते तितके रानाचे होत नाही. म्हणून अनवट यांच्या विधानाला मी पुरवणी जोडेन: न दाखवणे पुरेसे नाही. मोकळी सोडलेली जागा कुणीतरी भरणारच असते, आणि ती कोण भरतो यावर सगळे अवलंबून असते. 'सॉरी, बेबी'त ती ॲग्नेस स्वतः भरते, म्हणून तो चित्रपट तरतो. संयमाला त्याचे श्रेय द्यायला मी तयार नाही.

तिरकस

पैलतीर यांचे केनच्या साक्षीबद्दलचे निरीक्षण मार्मिक आहे आणि त्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. तरीही एक आठवण करून देतो. 'द अक्यूज्ड'मध्ये मूळ गुन्हेगारांशी तडजोड होते आणि नोंदीवर बलात्काराऐवजी एक किरकोळ आरोप राहतो. तोही साराला न विचारता. ती त्यावर भडकते, सरकारी वकिलाच्या घरी जाऊन तिला जाब विचारते. तो चित्रपट खडबडीत आहे, ओरडणारा आहे, आज काहींना बटबटीतही वाटेल. पण संस्था कशी फसवते हे दाखवून तो थांबत नाही, तिच्याशी भांडतो. 'सॉरी, बेबी'मध्ये प्रशासनाच्या दोन बायका 'आम्हीही स्त्रियाच आहोत, आम्हाला कळते' अशा थाटात बोलतात, प्रेक्षागृह हसते आणि प्रकरण मिटते. मला त्या हसण्याचीच अडचण आहे.

रानजाई

हसण्याबद्दल आणि डॉक्टरच्या दृश्याबद्दल लिहिते, कारण दोन्ही एकाच जागी येतात.

लिडी ॲग्नेसला तपासणीसाठी घेऊन जाते. तिने अंघोळ केली, आधी रुग्णालयात आली नाही, यावरून डॉक्टर तिला जवळजवळ दटावतो. तो चुकीचे काही सांगत नाही, आणि दृश्याची धार तिथेच आहे. अंघोळीने शारीरिक पुरावा नष्ट होऊ शकतो आणि नमुने जितक्या लवकर घेतले जातील तितके बरे, हे खरेच आहे. पण अंगावरचा स्पर्श धुऊन टाकावासा वाटणे ही अशा प्रसंगानंतरची अगदी सर्वसाधारण प्रतिक्रिया आहे. ही माहिती तिला ज्या सुरात ऐकवली जाते त्यातून उरतो तो फक्त एक आरोप. दोघी मैत्रिणी त्याला जे तिरपे बोलतात त्यावर मीही हसले. तो विनोद त्या दोघींच्या बचावाचे हत्यार आहे. चित्रपटाने प्रेक्षकाला दिलेली सुटका म्हणून मी त्याकडे पाहत नाही.

अनवट यांनी पंचगिरीचा मुद्दा मांडला, त्याला एक जोड देते. अत्याचाराच्या वेळी शरीर गोठणे, हातपाय न हलणे, आवाज न फुटणे ही भीतीची ज्ञात प्रतिक्रिया आहे. त्यात संमतीचा काही संबंध नसतो. आठवणही सलग राहीलच असे नाही. एखादा बारीकसारीक तपशील ठसठशीत उरतो आणि अधलामधला तुकडा धूसर होतो. कॅमेरा आत गेला असता तर त्याने सलग, स्वच्छ, सुरुवात-मध्य-शेवट असलेले दृश्य टिपले असते, आणि ॲग्नेसच्या आठवणीपेक्षा ते अधिक 'विश्वसनीय' ठरले असते. तिच्या अनुभवाबद्दल तिच्यापेक्षा आपल्याला जास्त माहीत असणे ही कल्पनाच मला नकोशी वाटते.

अवांतर: गाडी चालवताना ॲग्नेसला भयाचा झटका येतो, तेव्हा रस्त्याकडेचा एक अनोळखी सँडविचवाला तिला श्वास सावरायला मदत करतो. तीन वर्षे झाली असे ती सांगते, त्यावर हा काळ फारसा मोठा नाही अशा अर्थाचे तो बोलतो. अख्ख्या चित्रपटात बाहेरच्या जगाकडून तिला मिळालेले हे सर्वांत शहाणे बोलणे आहे, आणि बोलणाऱ्याला यातले कसलेही प्रशिक्षण नाही.

अनवट

सर्वांचे आभार. शब्दवेधी, तुमची पुरवणी मला पटली. फक्त श्रेय वाटून द्यावे एवढेच म्हणेन, कारण कॅमेरा आत गेला असता तर ॲग्नेसला भरायला जागाच उरली नसती.

तिरकस, संतापाबद्दल. ज्यूरीच्या निवडीचे दृश्य तुम्ही विचारात घेतलेले नाही. दुसऱ्याच एका खटल्याच्या ज्यूरीसाठी ॲग्नेसला बोलावले जाते. कोर्टात सगळ्यांसमोर ॲग्नेसला विचारले जाते की तिच्या बाबतीत कधी गुन्हा घडला आहे का, आणि तिला नको असलेल्या जागी, नको त्या लोकांपुढे उत्तर द्यावे लागते. डेकर तुरुंगात जावा असे का वाटत नाही, याचे तिचे कारण विलक्षण आहे: तो तुरुंगात गेला तरी असे करणारा माणूसच राहील, तिला हवे आहे ते त्याने तसा माणूस असणे थांबवणे. यात क्षमा नाही. शिक्षेपेक्षा ही मागणी मोठी आहे, आणि कोणतेही न्यायालय ती पुरी करू शकत नाही. आवाज चढलेला नाही म्हणून तिथे संताप नाही, असे मला म्हणवत नाही.

तिरकस

ते दृश्य उत्तम लिहिलेले आहे, हे नाकारत नाही. पण तुम्ही ज्याला मोठी मागणी म्हणता, ती डेकरला ऐकूसुद्धा जात नाही. तो दुसरीकडे कुठेतरी नोकरी करत असेल, दुसऱ्या कुणाचा तरी प्रबंध वाचून त्याचे असेच कौतुक करत असेल, आणि चित्रपट त्याच्यामागे एक पाऊलही जात नाही. ॲग्नेसची गोष्ट म्हणून ते योग्य असेल. त्या पुढच्या विद्यार्थिनीच्या बाजूने पाहिले तर दाराबाहेर थांबलेला हा कॅमेरा मला अजूनही अपुरा वाटतो.

पैलतीर

त्या पुढच्या विद्यार्थिनीचे देणे महाविद्यालयावर आहे, ॲग्नेसवर नाही. राजीनामा स्वीकारून चौकशी गुंडाळणारी ती माणसे चित्रपटात चेहऱ्यानिशी समोर बसलेली आहेत. डेकरचा माग काढायचे काम पीडितेच्या कथेवर टाकणे म्हणजे प्रशासनाचेच 'आमच्या हातात काही नाही' हे म्हणणे मान्य करण्यासारखे आहे.

तिरकस

हे मात्र विचार करण्याजोगे आहे. चित्रपट पुन्हा पाहून लिहितो. त्या दोन बायकांच्या दृश्यापासूनच सुरुवात करेन.