पुढं उभं राहून शब्द का कळत नाहीत

भावा, बँडच्या शोला स्टेजला चिकटून उभं राहिलं तरी गायकाचे शब्द का कळत नाहीत, असं विचारलंयस. छोट्या हॉलमध्ये ड्रम आणि गिटारचा अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) तिथं थेट कानावर आदळतात. गायकाचा आवाज मात्र बाजूच्या स्पीकरमधून निघून तुला चुकवून मागं जातो. मिक्सरच्या (आवाज कमीजास्त करायच्या मशीनच्या) टेबलाजवळ उभा राहा, साउंडवाला तिथलंच ऐकून लेव्हल लावतो. मागच्या भिंतीला टेकू नकोस, तिथं बास (खालचा जाड आवाज) फुगतो.

आपल्या कोल्हापुरात मंगल कार्यालयात शो ठेवलात तर फरशी आणि उघड्या भिंतींमुळं सगळं घुमणार. ड्रमखाली आणि मागं जाड सतरंज्या हव्यातच.

आणि इअरप्लग घालच! १०० डेसिबलला १५ मिनिटांतच कानाची दिवसभराची सुरक्षित मर्यादा संपते. फोमचा प्लग वळून बारीक कर, कान वर ओढून आत सरकव, फुगेपर्यंत दाबून धर.