कानस आधी, घड्याळ नंतर
घड्याळदुरुस्ती शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात पहिले काही महिने घड्याळाला हात न लावू देता नुसती कानस चालवायला लावतात, हा वेळेचा अपव्यय आहे, असं काही जण म्हणतात. मला अजिबात पटलं नाही. बॅलन्स व्हील म्हणजे मागेपुढे डोलून घड्याळाची गती राखणारं चाक. त्याच्या आसाची टोकं जेमतेम 0.1 मिलिमीटर जाडीची असतात. ती लेथवर कातून पॉलिश करायची, तर शतांश मिलिमीटरचा फरक हाताला कळायला हवा. तो पितळ आणि पोलाद घासूनच कळतो. स्क्रू-ड्रायव्हरला धार लावणं, चिमट्याची टोकं जुळवणं हेही तेव्हाच अंगवळणी पडतं.

खरा कस लागतो हेअरस्प्रिंगवर, म्हणजे त्याच चाकाला जोडलेल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगवर. वाकलेली स्प्रिंग भिंगाखाली पुन्हा सपाट करताना दाब जरासा जास्त पडला, की सगळं पहिल्यापासून! प्रवेश घेण्याआधी या एका कामाच्या सरावाला किती वेळ देतात, ते जरूर विचारा.