मदत हवी आहे: कोकमतेलाच्या साबणावर तेल सुटलंय

रानजाई: काल सकाळी साबण केला. सगळं नेहमीसारखंच, फक्त या वेळी कोकमतेल घातलं. ब्लेंडर दोन मिनिटं फिरवल्यावर श्रीखंडासारखं घट्ट झालं, म्हणून साच्यात ओतलं. आज बघते तर वर पेरभर पिवळं तेल, खाली रवाळ लगदा. आईच्या टाचांना इतक्या भेगा पडल्यात की चप्पल घालताना रक्त येतं. तिच्यासाठीच करतेय. रविवारी तिच्याकडे जायचंय, लवकर सांगा.

मीठभाकर: सोडा कोणता? तेलं किती?

रानजाई: कॉस्टिक. प्रमाण बरोबर आहे, तो प्रश्न नाहीये.

मीठभाकर: ताई, बहुतेक वेळा तोच असतो. आकडे द्या.

रानजाई: खोबरेल ३००, कोकमतेल १५०, एरंडेल ५० ग्रॅम. कॉस्टिक ७८, पाणी १९०.

मालवणी_माणूस: साबण हवा कशाला? आमच्याकडे कोकमतेलाला मुठेल म्हणतात. गोळा पळीत वितळवायचा, रात्री टाचांत भरायचा, वर मोजे. साबणात घातलंत की कॉस्टिक सगळे गुण खातं.

मीठभाकर: सगळे नाही खात. खोबरेलाला ग्रॅममागे ०.१८३, कोकमतेलाला ०.१३५, एरंडेलाला ०.१२८ कॉस्टिक लागतं. बेरीज साडेएक्क्याऐंशी. यांनी ७८ घातलं, म्हणजे ४ टक्क्यांच्या आसपास तेल मोकळं राहतं. ताई, हिशोब चोख आहे, माझी शंका चुकली.

सुगंधा_पुणे: मी साबणाचा तयार बेस आणते. वितळवा, ओता, तासाभरात साबण. कॉस्टिकची भीतीच नको.

उंबरठा: ओतताना मिश्रण किती गरम होतं?

रानजाई: व्हिडिओत तेलं आणि कॉस्टिकचं पाणी दोन्ही थंड होऊ द्या म्हटलं होतं, म्हणून तासभर ठेवलं. पातेल्याच्या कडेला थोडं पांढरं धरलं होतं.

उंबरठा: तिथेच चुकलं. कोकमतेल ४० अंशांच्या आसपास वितळतं. थंडीत ते तुपासारखं थिजलं आणि तुम्हाला साबण धरल्यासारखा वाटला. हातमोजे, चष्मा घाला. वरच्या तेलासकट सगळं स्टीलच्या पातेल्यात घेऊन उकळत्या पाण्यावर ठेवा. अ‍ॅल्युमिनियम अजिबात नको, कॉस्टिक ते खातं. वितळलं की पुन्हा ब्लेंडर, मग व्हॅसलीनसारखं दिसेपर्यंत शिजवा आणि साच्यात दाबून भरा.

सुगंधा_पुणे: हाताला लागलं तर व्हिनेगर लावा.

उंबरठा: नको! नळाखाली धरा, १५-२० मिनिटं.

कैरी७: माझ्याकडे कोकम आगळ उरलंय. पाण्याऐवजी ते घातलं तर रंग येईल का?

मीठभाकर: आगळ आंबट, ते कॉस्टिकच मारेल. सोलकढी करा. रानजाई, साबण रविवारी देऊ नका, चार आठवडे तरी सुकू द्या. आणि आईंना मधुमेह आहे का?

रानजाई: आहे, सहा वर्षं झाली. ते इथे लिहायला हवं असं वाटलंच नाही.

मीठभाकर: मग रक्त येणाऱ्या भेगांत मुठेल भरू नका. आधी पाय डॉक्टरांना दाखवा. साबण थांबू शकतो.

मालवणी_माणूस: हे मलाही माहीत असतं तर तसं लिहिलं नसतं. आधी दाखवाच.

रानजाई: शनिवारची वेळ घेतली. साबण पाण्यावर ठेवलाय, वरचं तेल आत जिरायला लागलंय. पण मधे एक पांढरी गुठळी आहे, ती अजून फुटत नाहीये.

उंबरठा: कोरड्या चमच्याने दाबत राहा. आच वाढवू नका.