सेफ्टीची नोटीस फक्त लायसनवाल्यालाच का येते?

चहाबिस्कीट
आमचं अकाउंट्सचं छोटं ऑफिस आहे, जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर. शहर आणि वॉर्ड मुद्दाम सांगत नाही. मध्यंतरी अग्निशमनची नोटीस आली, एक्स्टिंग्विशरची तारीख उलटली, फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दर सहा महिन्यांचा दाखला) जमा नाही वगैरे. ठीक आहे, रीफिल केलं, फॉर्म दिला, विषय तो नाहीच. विषय हा की आमच्या बरोब्बर खाली बॅगा शिवायचा कारखाना चालतो, आत फोम, रेक्झिन, चिकटवायच्या सोल्युशनचे डबे, त्याच्याच बाजूला शेगडी आणि सिलिंडर, वर लोखंडी अँगलवर टाकलेला पोटमाळा आणि रात्री आठ-नऊ पोरं तिथेच झोपतात आणि शटरला कुलूप बाहेरून. त्याला आजपर्यंत एक चिटोरं आलेलं नाही. कारण काय तर त्याच्याकडे कुठलंच लायसन नाही, म्हणजे त्याची फाइल नाही, म्हणजे तो नाहीच!

मी ऑनलाइन तक्रार टाकली. अग्निशमनने इमारत आणि कारखाने खात्याकडे वर्ग केली, त्यांनी आरोग्य खात्याकडे कारण घातक धंद्याचा परवाना ते देतात, आरोग्यवाले म्हणे कामगारांचा प्रश्न आहे, राज्याच्या औद्योगिक सुरक्षा संचालनालयाकडे जा. तिथे पहिला प्रश्न, किती कामगार? म्हटलं आठ-नऊ. म्हणे मशीन विजेवर असेल तर वीस लागतात, त्याखाली आमच्याकडे येत नाही. आणि पोर्टलवर शेरा, "तक्रार निकाली".

माझं स्पष्ट मत, पालिकेला कामगाराच्या जिवाचं काही पडलेलं नाही, त्यांना रजिस्टरमधली टिकमार्क हवी.

गाळा नंबर नऊ
साहेब तुम्ही एसीत बसून तक्रार टाकता, मी त्या खालच्या माणसाच्या जागी आहे म्हणून बोलतो. माझाही गाळा आहे, लेदर पाकिटांचा. पोरं आत झोपतात कारण बाहेर खोलीचं भाडं डिपॉझिट धरून परवडत नाही, ती गावाला पैसे पाठवतात. उद्या पालिका येईल, पोटमाळा तोडेल, सील लावेल, मग ती पोरं कुठे जाणार, तुमच्या ऑफिसात झोपणार का? माल भिवंडीच्या गोदामात जाईल, तिथे तर कोण बघायलाही नाही. लायसन काढायला मी गेलो होतो, गाळ्याचे कागद भाडेपट्ट्याचे, मूळ मालक वारला, वारसांचं भांडण, त्यांची सही नाही म्हणून अर्जच घेत नाहीत. लायसन नाही म्हणजे माणूस चोर असं समजू नका.

चहाबिस्कीट
चोर कोण म्हणालं? पण बाहेरून कुलूप लावायला कुठल्या वारसाची सही लागते?

गाळा नंबर नऊ
चोऱ्या होतात म्हणून लावतात. मी नाही लावत, पण लावणाऱ्याचं समजू शकतो.

निवृत्त कारकून
मी मुंबई पालिकेत वॉर्डात होतो, रिटायर झालो, आता मोकळेपणी बोलायला हरकत नाही. २००६ चा महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा काढून वाचा. आगीपासून बचावाची यंत्रणा बसवायची आणि चालू ठेवायची जबाबदारी मालक किंवा वापरणाऱ्यावर टाकलेली आहे, पालिकेवर नाही. लायसन्स्ड एजन्सीकडून तपासून घ्यायचं आणि जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी द्यायचा. म्हणजे व्यवस्थाच अशी की जो स्वतःहून कागद देतो तो दिसतो. तुम्ही म्हणाल फिरून बघा ना. कोण फिरणार? एका स्टेशनचा अधिकारी कॉल आला की गाडीवर बसतो, तोच परत येऊन एनओसीच्या फायली बघतो, त्याने गल्लीतला प्रत्येक गाळा उघडून बघावा अशी अपेक्षा आहे का.

आणि आम्ही काही करत नव्हतो असंही नाही. पोटमाळा तोडला की त्याच आठवड्यात परत वेल्डिंगच्या ठिणग्या दिसायच्या, आणि तोडायच्या आधी कोणाकोणाचे फोन यायचे ते विचारू नका.

मीनल (सेफ्टी)
कारकूनकाका, फोन यायचे हे मान्य, पण दोन आगींचं उदाहरण देते. १८ डिसेंबर २०१७, साकीनाका, खैरानी रोड, फरसाणच्या गाळ्याला पहाटे आग, आत झोपलेले १२ कामगार गेले. त्यानंतर ११ दिवसांनी कमला मिलच्या टेरेसवरच्या पबमध्ये आग, १४ गेले. दुसऱ्या आगीनंतर लगेच शेकडो हॉटेलांच्या शेड आणि टेरेसवर हातोडा पडला, अधिकारी सस्पेंड झाले, हायकोर्टाच्या आदेशाने निवृत्त न्यायमूर्तींची समिती बसली. म्हणजे मनुष्यबळ नाही हे खरं असलं तरी एका रात्रीत मनुष्यबळ कुठून तरी आलंच ना! फरसाणवाल्या पोरांसाठी ते आलं नव्हतं. गिऱ्हाईक मेलं की कारवाई आणि कामगार मेला की मदतनिधीचा चेक, हे मला आजही टोचतं.

आणि कायद्यात जागा नाही हेही अर्धवट. २०२५ पर्यंत लागू असलेल्या जुन्या कारखाना कायद्याच्या कलम ३८ मध्ये आगीत बाहेर पडायचा सुरक्षित मार्ग हवा असं होतं, आणि दहाच्या खाली कामगार असले तरी राज्य सरकार कलम ८५ खाली नोटिफिकेशन काढून अशा जागांना कायदा लावू शकत होतं. १९४८ पासून ही सोय होती. त्यामुळे सगळं पालिकेच्या डोक्यावर फोडणं मला पटत नाही, राज्य सरकारलाही ओढा यात.

सरळरेषा
उलटं चाललंय मॅडम. २०२० च्या केंद्राच्या कामगार सुरक्षा संहितेत, जी २०२५ मध्ये त्या जुन्या कायद्याच्या जागी लागू झाली, कारखाना म्हणजे विजेवर २० आणि विजेशिवाय ४० कामगार. दुकानांच्या २०१७ च्या राज्य कायद्यात सुरुवातीलाच १० पेक्षा कमी माणसं असतील तर नोंदणी नव्हती, नुसती सूचना द्यायची होती. कमी माणसं म्हणजे कमी धोका असं कोणी ठरवलं? पण मी तरी म्हणतो बरं झालं, इन्स्पेक्टरचा ससेमिरा गेला. आमच्या नात्यातल्या बेकरीवाल्याकडे दर दिवाळीला कोण ना कोण "तपासणी"ला यायचं आणि मिठाईचा बॉक्स घेऊन जायचं.

मीनल (सेफ्टी)
मिठाई खाणारा इन्स्पेक्टर नको म्हणून इन्स्पेक्टरच नको? पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात ८ डिसेंबर २०२३ ला वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलझडीच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडमध्ये स्फोट झाला, गेलेल्यांत बहुतेक बायका, रोजंदारीवरच्या. परवानगी नव्हती. तिथे कोणाचा ससेमिरा असता तर बरं झालं असतं.

रीफिलवाला
मी या धंद्यात आहे म्हणून एक कटू सत्य. फॉर्म बी आला म्हणजे जागा सुरक्षित असं समजू नका. काही एजन्सीवाले व्हॉट्सॅपवर एक्स्टिंग्विशरच्या प्रेशर गेजचा फोटो मागवून सही ठोकतात, जागेवर जातच नाहीत. गिऱ्हाईकही खूश, पालिकाही खूश. चहाबिस्कीट, तुमच्याकडे तरी कोणी येऊन होज रील (आग विझवायच्या पाण्याची गुंडाळलेली नळी) चालवून बघितला का?

चहाबिस्कीट
नाही. सिलिंडरचं वजन केलं, स्टिकर लावला, गेला.

गाळा नंबर नऊ
बघा! म्हणजे तुमचा कागद पण खोटाच निघाला. मला सांगा काय करू, खरंच विचारतोय. स्प्रिंकलर बसवायला सांगतात, तीनशे फुटांच्या गाळ्यात टाकी कुठे ठेवू?

मीनल (सेफ्टी)
स्प्रिंकलर राहू दे. शेगडी-सिलिंडर सोल्युशनच्या खोलीतून बाहेर काढा. सोल्युशन दिवसाच्या कामापुरतंच आत. लोंबणाऱ्या वायरी काढून नीट एमसीबी आणि ईएलसीबी (बिघाड झाला की आपोआप वीज तोडणारे स्विच) बसवा. मागच्या खिडकीची ग्रिल आतून उघडेल अशी करा, आणि पोरं झोपत असतील तर किल्ली आत. हे सगळं एका ऑर्डरच्या नफ्यात होतं. पालिकेनेही हेच आधी बघावं, तोडफोड नंतर. पण त्यांची नोटीस निघते ती बांधकामाची, आतल्या माणसाची नाही.

निवृत्त कारकून
हे मात्र बरोबर बोललात. आणि लोकांनी आत झोपूच नये हे पण नोटिशीने होत नाही, त्यांना झोपायला जागा लागते, आणि भाड्याची स्वस्त खोली हा विषय आमच्या वॉर्डाच्या कुठल्याच टेबलावर नव्हता.

चहाबिस्कीट
मग मी परत तक्रार लिहितो, फक्त कुलूप आणि सिलिंडर एवढंच. पोटमाळ्याचं नावच काढत नाही. चालेल ना नऊ नंबर?

गाळा नंबर नऊ
तक्रार करायच्या आधी खाली जाऊन एकदा त्याच्याशी बोललात का?

चहाबिस्कीट
बोललो. म्हणाला शेठला विचारा. शेठ महिन्यातून एकदा येतो, नंबर कोणी देत नाही.

निवृत्त कारकून
नुसतं कुलूप लिहिलंत तरी एक लक्षात ठेवा. आमच्याकडे अनधिकृत बांधकामाला मुंबई पालिका कायद्याच्या कलम ३५१ च्या नोटिशीचा छापील नमुना असायचा, फक्त पत्ता भरायचा. बाहेरून लावलेल्या कुलपाला नमुना नव्हता. ज्युनियर इंजिनियर जागेवर गेला की त्याला पोटमाळाच दिसणार.