पिंपल्सचं अँटिबायोटिक जेल एकटंच लावलं तर चालतं का?

प्रश्न:
नमस्कार, स्किनच्या डॉक्टरांनी पिंपल्ससाठी क्लिंडामायसिन जेल आणि बेंझॉइल पेरॉक्साइड दोन्ही लिहून दिलंय, पण दुसऱ्याने चेहरा नुसता कोरडा पडतो, सालं निघतात, जळजळतं ते वेगळंच. ते बंद करून फक्त क्लिंडामायसिन चालू ठेवू का? पिंपल्स बरेच कमी झालेत. आणि धाकट्या भावाच्या मांडीवर गोल लाल चट्टा आलाय, खूप खाजतो, आई म्हणते हेच जेल लाव त्याला, लावू का?

उत्तर १:
एकटं क्लिंडामायसिन नका हो लावत राहू, प्लीज. अँटिबायोटिक एकटंच महिनोन्महिने लावलं की जे बॅक्टेरिया त्याला दाद देत नाहीत तेच उरतात आणि वाढतात, मग पुढे ते औषध लागूच पडत नाही. बेंझॉइल पेरॉक्साइड अँटिबायोटिक नाहीये, ते ऑक्सिजन सोडून बॅक्टेरिया मारतं आणि त्याला बॅक्टेरिया सरावत नाहीत, म्हणून तर जोडी देतात. कोरडेपणासाठी डॉक्टरांना विचारून बेंझॉइल पेरॉक्साइड एक दिवसाआड लावा, किंवा २.५ टक्क्यांचं मागा, ५ किंवा १० वालं जास्त जळजळतं आणि फायदा काही त्या मानाने वाढत नाही. साधं मॉइश्चरायझर लावा. आणि हो, टॉवेल, उशीचे अभ्रे पांढरे वापरा, बेंझॉइल पेरॉक्साइडने रंग उडतो!

उत्तर २:
भावाला अजिबात लावू नका. गोल, कडेला लाल, खाजणारा चट्टा म्हणजे बहुतेक नायटा, तो फंगसचा, त्यावर बॅक्टेरियाचं औषध काहीच करत नाही. त्याहून वाईट म्हणजे अँटिबायोटिक, अँटिफंगल आणि स्टेरॉइड एकत्र असलेली क्रीमं, खाज थांबते, लाली जाते, लोक खूश होतात आणि स्टेरॉइडमुळे नायटा आत पसरत राहतो, नंतर डॉक्टरांनाही पटकन ओळखू येत नाही. आधी दाखवून घ्या, उरलेली ट्यूब दुसऱ्याला द्यायचीच नाही. तोपर्यंत त्याचा टॉवेल तरी वेगळा ठेवा.

उत्तर ३:
लावण्याबद्दल थोडं. जेल फक्त फोडावर ठिपका देऊन नाही, पिंपल्स येतात त्या सगळ्या भागावर पातळ थर द्यायचा, चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर. डोळे, ओठ, नाकाच्या आतला भाग सोडून. जाड थर दिला म्हणून लवकर बरं होत नाही. एरिथ्रोमायसिनचं (तेही अँटिबायोटिकच) काही चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, दोन्ही एकमेकांच्या आड येतात. क्वचित होतं पण जुलाब जोरात लागले किंवा रक्त पडलं तर जेल थांबवून लगेच डॉक्टर गाठा.

प्रश्नकर्ती:
थँक्यू सगळ्यांना, भावाला उद्याच दाखवते. पण मग पिंपल्स गेल्यावर जेल एकदम बंद केलं तर परत येणार नाहीत का?

उत्तर १:
येऊ शकतात, म्हणूनच फॉलोअप चुकवायचा नाही. साधारण १२ आठवड्यांच्या आसपास अँटिबायोटिक थांबवतात आणि पुढे बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा ॲडापॅलीनसारखं अँटिबायोटिक नसलेलं चालू ठेवतात. प्रेग्नन्सीचा विचार असेल तर ॲडापॅलीनच्या आधी तेही नक्की सांगा.