खो-खो शिकवणाऱ्याला इंग्रजीत काय म्हणायचं?

पोलवाला, सोलापूर
नमस्कार. मी सकाळी साडेपाच ते साडेसात पोरींना खो-खो शिकवतो. मैदान मीच झाडतो, पाणी मीच मारतो, खांबही मीच रोवतो. पण बायोडेटा टाइप करायला बसलो आणि हुद्द्याच्या ओळीत अडकलो. एका इंग्रजी शाळेत अर्ज करायचाय. आधी ‘खो-खो टीचर’ लिहिलं. बायको म्हणाली, फळ्यावर शिकवता का? मग ‘ट्रेनर’ केलं, तर मेहुणा म्हणतो, कुठली जिम ओ दाजी? पोरी नुसतं ‘सर’ म्हणतात, ते काही छापता येत नाही. कोच, ट्रेनर, इन्स्ट्रक्टर, यातलं काय लिहू? बीपीएड झालंय, जिल्हा स्पर्धेला दोनदा संघ नेलाय.

जुने मास्तर
संघ नेलाय ना, मग कोच! पहिल्या तुकडीत कोणत्या तिघी पळतील हे ठरवतो तो कोच. तलावावर नवख्यांना हातपाय मारायला शिकवतो तो इन्स्ट्रक्टर. ट्रेनर म्हटलं की हल्ली दमसास, वजनं, जिम. बॉक्सिंगमध्ये मात्र गुरूलाच ट्रेनर म्हणतात.
गंमत सांगतो. हंगेरीत कोच नावाचं गाव आहे, तिथल्या घोडागाडीवरून हा शब्द आला. १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डची पोरं परीक्षा पार करून देणाऱ्या शिकवणीवाल्याला कोच म्हणू लागली. खेळात तो नंतर गेला. म्हणजे मूळ हक्क आम्हा मास्तरांचा!

लाल माती
आमच्या तालमीत वस्ताद म्हणतात, विषय संपला. त्याला इंग्रजी शब्द शोधूच नये. प्रशिक्षकांना मिळणारा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला, त्यात पहिल्याच वर्षी कुस्तीचे भालचंद्र भागवत होते. कागदावर तेही कोचच.

शाळेतली बाई
सर, जाहिरात नीट वाचलीत का? जागा ‘पीई टीचर’ची, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाची असेल तर अर्जावर तेच लिहा, तुमचं बीपीएड तिथंच कामाला येतं. कोच बहुतेक ठिकाणी तासावर, मानधनावर असतात. ‘खो-खो कोच’ खाली अनुभवात टाका. आणि हाताखाली कोणी नसताना ‘हेड कोच’ लिहू नका, मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येतो.

पोलवाला, सोलापूर
बाई, जाहिरातीत ‘पीई टीचर’च निघालं. अनुभवात ‘खो-खो कोच’ टाकलं. ‘हेड’ खरंच लिहिलं होतं, गुपचूप खोडलं. मेहुण्याला दाखवलं तर म्हणतो, कोच व्हय? नंबर सांगा की ओ दाजी, एस-४ का बी-२?